नळ फुटतांच पाणी आपोआप अडविणारी झडप

जव्हार व मोखाडे या तालुक्यांत पावसाची वाण नाहीं. पण पठार काळ्या पाषाणाचें, त्यामुळें पडलेलें पाणी भराभर दऱ्यांत निघून जातें आणि माघ उलटला कीं पाड्यापाड्यांवर पाण्याची ओढ सुरू होते. मोखाड्याच्या आसपास वैतरणेवर मुंबईकरितां बांधलेलीं धरणें आहेत. तरी डोंगरावरच्या बाया हंडे घेऊन झऱ्याची वाट चालतात, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें आहे. अशा मुलखांत भरलेली टाकी एका रात्रींत फुकट जाणें हें पीक जळण्याइतकेंच मोठें नुकसान होय. तें टाळण्याचा एक उपाय येथें सांगावयाचा आहे.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकून असतांना उन्हाळ्यांत टँकरच्या मागणीचीं पत्रकें तयार करण्याचें काम त्याजकडे असे. ज्या पाड्याचें नांव त्या पत्रकांत सहसा येत नसे, त्याचा अर्ज एका वर्षीं वैशाखांत आला. चौकशी करतां कळलें कीं, रात्रीं लागलेल्या वणव्यांत टाकीखालचा प्लॅस्टिकचा नळ वितळला व पहांटेपूर्वीं टाकी कोरडी पडली. नळ जोडण्यास दोन तास लागले; पण झऱ्याच्या सुतासारख्या धारेनें टाकी पुन्हां भरण्यास आठ दिवस लागले. पत्रकांत कारण लिहिलें तें ‘टंचाई’. वास्तविक ‘टाकीस झडप नव्हती’ असें लिहावयास हवें होतें.

नळ कां फुटतात.— आपल्याकडे खडक वरच असल्यामुळें नळ खोल पुरतां येत नाहीं. उघड्यावरचा नळ वणव्यानें किंवा राब भाजतांना वितळतो, गुरांच्या खुराखालीं चेपतो, दरडीच्या दगडानें तुटतो. शिवाय उताराच्या दर 10 मीटर उंचीमागें नळांतील दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें 1 किलो वाढतो. म्हणून कच्चा सांधा उताराच्या पायथ्याशीं प्रथम सुटतो.

नुकसान किती होतें.— आंतून 53 मिलिमीटर रुंदीचा, 500 मीटर लांबीचा नळ टाकीपासून 30 मीटर खालीं उतरला आहे असें धरूं. रोजच्या वापरांत त्यांतून सेकंदास फार तर 1 लिटर पाणी जात असेल. तोच नळ पायथ्याशीं साफ तुटला, तर घर्षण जमेस धरूनही सेकंदास सुमारें 4 लिटर पाणी वाहूं लागतें. म्हणजे 20,000 लिटरांची टाकी दीड तासाच्या आंत रिकामी होते. या दोन आंकड्यांतील अंतरावरच आपली झडप काम करते.

झडपेचें तत्त्व.— आगगाडीचा दाखला घ्या. डबे सुटून ब्रेकचा नळ तुटला, कीं नळांतील हवेचा दाब बिघडतो व त्यामुळेंच ब्रेक आपोआप लागतात. अशी योजना वेस्टिंगहाऊस यानें 1872 सालीं अमेरिकेंत केली. येथेंही तोच विचार आहे: मोडतोड हीच झडप मिटण्याची आज्ञा.

साध्या प्रकारांत नळाच्या आंत एक तबकडी असून स्प्रिंग तिला उघडी धरते. नेहमींचा प्रवाह स्प्रिंगला हटवूं शकत नाहीं. प्रवाह ठराविक मर्यादेबाहेर गेला कीं पाण्याचा रेटा तबकडीस बैठकीवर दाबतो, आणि मग टाकीचाच दाब तिला मिटलेली ठेवतो. तबकडीस एक बारीक छिद्र असतें. नळ दुरुस्त होऊन खालच्या तोट्या बंद केल्या म्हणजे त्या छिद्रांतून झिरपलेल्या पाण्यानें दोन्ही बाजूंचा दाब हळूहळू सारखा होतो व झडप पुन्हां उघडते. मोठ्या नळांस दुसरा प्रकार वापरतात. त्यांत प्रवाहांतील एक फळी रेट्यानें हलून खटका सोडते, वजन खालीं येतें व झडप मिटते. ती मागाहून हातानें उघडावी लागते.

कोठें बसवावी.— झडप टाकीच्या तोंडाशींच बसवावी. नळाच्या मध्यें बसविल्यास दोन दोष येतात. एक, तिच्या वरच्या भागांत फूट झाली तर ती निरुपयोगी ठरते. दुसरा, वाहतें पाणी एकाएकीं अडलें कीं वरच्या नळांत धक्का बसतो. लोखंडी नळांत वेग सेकंदास 1 मीटरनें तुटला तर हा धक्का 100 मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाहूनही अधिक असूं शकतो. झडप टाकीलगत असली तरी ती मिटतांच खालचें पाणी पुढें धांवतें, मागें पोकळी होते, पातळ नळ दबतो आणि फुटलेल्या जागेंतून चिखलही आंत ओढला जातो. म्हणून झडपेच्या लगेच खालीं हवा आंत घेणारा एअर व्हॉल्व्ह अवश्य ठेवावा.

पंपानें पाणी वर चढविणाऱ्या नळाची गोष्ट निराळी. असा नळ टाकीच्या तळांतून आंत जात असेल, तर फुटल्यावर टाकीचें पाणी उलट येतें. तेथें टाकीजवळ साधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पुरे. उताराच्या नळास मात्र तो उपयोगी नाहीं, कारण तेथें पाणी सुलटेंच जातें, फक्त जास्त वेगानें.

मर्यादा व कसोटी.— झडपेची मर्यादा नेहमींच्या अधिकांत अधिक प्रवाहाच्या दीड ते दुप्पट असावी. ती फार कमी ठेवल्यास सकाळीं सर्व तोट्या एकदम उघडतांच झडप मिटेल. फार जास्त ठेवल्यास फूट होऊनही ती हलणार नाहीं. भेग बारीक असेल किंवा नळ उथळ उताराच्या जागीं तुटला असेल, तर प्रवाह फारसा वाढत नाहीं आणि झडपेस तें कळत नाहीं. म्हणून झडप बसविली तरी नळावरून आठवड्यास एकदां चालत जाणें सुटत नाहीं. गाळानें तबकडी अडकूं नये यासाठीं टाकीच्या तोंडास जाळी हवी. दर वर्षीं होळीपूर्वीं नळाच्या खालच्या टोकाचा मोठा कॉक पूर्ण उघडावा व झडप मिटते कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. जी कधीं तपासली नाहीं ती झडप नसल्यासारखीच.

झडपेची ऐपत नसल्यास.— टाकी बांधतांनाच नळाचें तोंड तळापासून अर्धा मीटर वर ठेवावें व तळाशीं पिण्याच्या पाण्याची स्वतंत्र तोटी टाकीलाच लावावी. 2 मीटर खोलीच्या, उभ्या भिंतींच्या 20,000 लिटरांच्या टाकींत नळ फुटला तरी 5,000 लिटर पाणी शिल्लक राहतें. माणशीं रोज 10 लिटर धरल्यास 100 माणसांच्या पाड्यास तें पांच दिवस पुरतें. याला जास्तीचा खर्च एका तोटीपुरताच आहे.

धान्याच्या कणगीस उंदीर लागूं नये म्हणून आपण किती जपतों! पाण्याच्या टाकीसही तितकेंच जपलें पाहिजे. यंदा आपल्या पाड्याची टाकी दुरुस्तीस निघाली, तर ग्रामसभेंत हा एक प्रश्न अवश्य विचारावा: रात्रीं नळ फुटला, तर सकाळीं टाकींत काय उरेल?