नावे तीन, औषध एकच

समजा, रिसोड तालुक्यातील एका आजीला ताप आला. गावच्या डॉक्टरांनी एक गोळी दिवसातून तीन वेळा घ्यायला सांगितली. गुडघेदुखीसाठी वाशीमच्या डॉक्टरांची दुसरी गोळी दोन वेळा चालूच होती. सर्दी झाली म्हणून नातवाने दुकानातून तिसरी आणली. तीही तीन वेळा. गोळ्यांची नावे निरनिराळी. पण तिन्ही पाकिटांवर बारीक अक्षरांत एक शब्द समान होता : पॅरासिटॅमॉल. पहिलीत ६५०, दुसरीत ३२५ आणि तिसरीत ५०० मिलिग्रॅम.

आता गणित करू.

६५० × ३ = १९५०
३२५ × २ = ६५०
५०० × ३ = १५००

एकूण ४१०० मिलिग्रॅम! निरोगी प्रौढ माणसालाही दिवसाला ४००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. वृद्ध, अशक्त माणसाला त्याहूनही कमी.

असे का? यकृतात या औषधाच्या थोड्या भागापासून एक विषारी पदार्थ तयार होतो. ग्लुटाथायोन हे द्रव्य त्याला निरुपद्रवी करते. औषध फार झाले की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. सुरुवातीला रुग्णाला विशेष काही जाणवतही नाही.

यात चूक कोणाची? प्रत्येक डॉक्टरला फक्त आपलीच चिठ्ठी ठाऊक होती!

करून पाहा : घरातील वडीलधाऱ्यांच्या सर्व औषधांची एकच यादी करा. घटकाचे नाव, मात्रा, वेळ आणि औषध कोणी दिले, हे लिहा. काढे, चूर्णेही वगळू नका. ही यादी प्रत्येक डॉक्टरांना व औषधविक्रेत्याला दाखवा. एकच घटक दोनदा आढळला, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी त्यांना विचारा. मात्र नेहमीचे औषध आपल्या मनाने बंद करू नका.