मोकळ्या वेळेची जबाबदारी कोणाची?

प्रश्न : मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचा दहा दिवसांचा जर्मनी अभ्यासदौरा आहे. पैसे भरण्याआधी काय विचारावं?
– एक पालक, वाघोली

उत्तर : आधी मोकळ्या वेळेबद्दल विचारा. कारखाना पाहताना मुलं सहसा सुरक्षित असतात, धोका संध्याकाळी असतो. फेब्रुवारी 2016 मध्ये पुण्याच्या कॉलेजची मुलं मुरूडच्या समुद्रात बुडाली. जून 2024 मध्ये रशियात वोल्खोव नदीत चार भारतीय विद्यार्थी गेले, त्यांत जळगाव जिल्ह्यातली मुलं होती. दोन्हीकडे जीव पाण्याने घेतला. म्हणून नदी-तळ्यात उतरण्याबाबतचा नियम लेखी मागा. सोबत किती शिक्षक, त्यांत बाई किती, एखादी मुलगी आजारी पडली तर तिच्यापाशी कोण थांबणार आणि बाकीच्यांना कोण नेणार, हेही विचारा. दुसरा शिक्षकच नसेल, तर मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. पण पॉलिसी स्वतः वाचा : जुना दमा, साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह द्या. पासपोर्टची प्रत मुलीकडे आणि तुमच्याकडेही असू द्या. तिकडे 112 हा आपत्कालीन क्रमांक आहे. बर्लिनच्या भारतीय दूतावासाचा नंबर तिला कागदावर लिहून द्या, फोन हरवूही शकतो.