मोठा खेळाडू आणि त्याचा संघ



क्रिकेटमध्ये अकरा खेळाडू, कबड्डीत सात, तर बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच. त्यामुळे संघातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूच्या हाती चेंडू पुन्हा पुन्हा येतो. तो पुढे देतो की स्वतःजवळ ठेवतो, यावर बाकी चौघांचा खेळ ठरतो. मग अशा खेळाडूचा नुसता खेळ चांगला असून भागेल, की चारित्र्यही लागेल? (हिंदीत यालाच 'चरित्र' म्हणतात, मराठीत चरित्र म्हणजे जीवनकथा. हिंदी माध्यमातून आलेल्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.)

अमेरिकेतील टिम डंकन १९९७ ते २०१६ एकाच संघाकडून, सॅन अँटोनियो स्पर्सकडून खेळला आणि पाच वेळा विजेता ठरला. प्रशिक्षक पॉपोविच त्याला सगळ्यांसमोर रागावत आणि तो निमूटपणे ऐकून घेई. जिथे डंकन बोलणी खातो, तिथे नवख्या खेळाडूने तोंड वर करून काय बोलावे? २०१२ साली त्याने पूर्वीपेक्षा बरेच कमी मानधन स्वीकारले, म्हणून इतर चांगले खेळाडू संघात टिकवणे सोपे झाले.

पण गोड स्वभाव म्हणजेच विजय, असे मात्र नाही. मायकेल जॉर्डन सहकाऱ्यांशी फार कठोर वागे. १९९५ मध्ये सरावात त्याने स्टीव्ह कर या आपल्याच सहकाऱ्याला ठोसा मारला होता. तरी जॉर्डनच्या शिकागो बुल्सने सहा अजिंक्यपदे मिळवली. १९९७ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी दोघांनी घेरल्यावर जॉर्डनने चेंडू दिला तो याच करला, आणि करने बास्केट केली. ठोशाचे समर्थन मी करणार नाही. पण त्या क्षणी त्याचा करवर विश्वास होता, हे खरे.

आपल्या ओळखीचे उदाहरण क्रिकेटमधले आहे. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. त्यानंतर विराट कोहली रजेवर मायदेशी परतला आणि डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे कर्णधार झाला. मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या. रवींद्र जडेजा ४९ वर असताना चोरटी धाव घेताना रहाणे धावबाद झाला. शतकवीर असा बाद झाला की सहसा चिडतो. रहाणेने जाता जाता जडेजाची पाठ थोपटली. जडेजाने अर्धशतक पूर्ण केले आणि भारताने सामना जिंकला.

पुढे एकेक खेळाडू जखमी होत गेला. ब्रिस्बेनला तर गोलंदाजी जवळजवळ नवख्यांच्याच हाती होती. तिथे वॉशिंग्टन सुंदर आणि आपल्या शेजारच्या पालघरचा शार्दूल ठाकूर यांनी १२३ धावांची भागी केली. १९ जानेवारी २०२१ रोजी ३२८ धावांचे लक्ष्य गाठून भारताने मालिका २-१ अशी जिंकली. करंडक मिळताच रहाणेने तो नवोदित टी. नटराजनच्या हाती दिला.

हा विजय एकट्या रहाणेच्या स्वभावाचा नव्हे. पंत, पुजारा, सिराज यांचे कौशल्य त्यात होतेच. पण चुकलो तरी कर्णधार आपल्याला टाकून बोलणार नाही, हे ठाऊक असलेला नवखा खेळाडू मोकळेपणाने खेळतो, असे माझे मत आहे.

आंतरशालेय सामने जवळ आले की काही पालक विचारतात, "आमचा मुलगा सर्वांत चांगला खेळतो, मग सरावाला चार दिवस नाही आला तर काय बिघडले?" विश्वस्त मंडळींच्याही कानावर हे जाते. माझे उत्तर असे की त्याच्याऐवजी रोज येणारा मुलगा खेळेल, आणि सामना हरलो तरी हा नियम बदलणार नाही. चार दिवस न येणाऱ्याला खेळवले, तर रोज पहाटे येणारी दहा मुले त्यातून काय शिकतील, याचा पालकांनी विचार करावा.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यास: पुढचा सामना पाहताना सहकाऱ्याच्या हातून चेंडू सुटल्यावर संघातला सर्वांत चांगला खेळाडू काय करतो, ते नीट पाहा. मग त्या सहकाऱ्याचा पुढच्या पाच मिनिटांतला खेळ पाहा. दोन्हींवर दहा ओळी लिहून वर्गशिक्षकांकडे द्या.