किल्ली जुन्या घरी राहिली

(संगणकाचे बटण दाबले की तो सुरू होतो, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण तो सुरूच झाला नाही तर? एका मुलीने आपल्या दुकानातील असाच अनुभव या पाठात सांगितला आहे.)

मालेगावात आमच्या अब्बांचे लग्नपत्रिका तयार करून देण्याचे छोटे दुकान आहे. पत्रिका कधी उर्दूत असते, कधी मराठीत. दुकानातला संगणक फार मंद झाला होता. बटण दाबून चहा प्यायला तरी तो तयार होत नसे. म्हणून भाईजाननी नवी डिस्क आणली. जुनी ५०० जीबीची होती, नवी एक टेराबाइटची, म्हणजे दुप्पट.

भाईजाननी रात्री जागून जुन्या डिस्कवरचे सगळे फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी केले. सकाळी जुनी डिस्क काढली, नवी बसवली आणि बटण दाबले. दिवा लागला, पंखा फिरला. पण काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली. संगणक सुरू करता येईल अशी डिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ होता.

अब्बांचा चेहरा उतरला. शुक्रवारी दोन पत्रिका द्यायच्या होत्या. “दहा वर्षांचे काम गेले की काय, बेटा?” ते म्हणाले.

भाईजान घाईघाईने डिस्क फॉरमॅट करायला निघाले होते. मी म्हटले, “थांबा ना! आधी आमच्या संगणकाच्या सरांना विचारू.”

सर संध्याकाळी आले. त्यांनी लगेच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही. ते म्हणाले, “शाळेत सकाळी सर्वांत आधी कोण येते? शिपाई. तो कुलपे उघडतो, मग मुख्याध्यापक येऊन कारभार हाती घेतात. संगणकातही एका लहानशा चिपमध्ये असा शिपाई असतो. तो आधी मेमरी वगैरे तपासतो. मग डिस्कवर विंडोज सुरू करणारा प्रोग्राम शोधतो आणि कारभार त्याच्या हाती देतो. यालाच बूट होणे म्हणतात.”

“बूट? पायात घालतो तो?” मी विचारले.

सर हसले. “तोच! उंच बुटाला मागे ओढायचा पट्टा असतो. तो पट्टा ओढून स्वतःच स्वतःला वर उचलायचे, अशी इंग्रजीत गमतीची कल्पना आहे. संगणकालाही स्वतःच उठावे लागते. आता तो उठताना कुठे अडतो ते पाहू.”

त्यांनी आधी डिस्कच्या दोन्ही वायरी दाबून पाहिल्या. एक विजेची, दुसरी माहितीची. मग संगणक सुरू होताच डिलीटची कळ दाबून सेटिंगचा पडदा उघडला. काही संगणकांत यासाठी एफ-२ ही कळ असते. तिथे नव्या डिस्कचे नाव दिसत होते. म्हणजे वायरी ठीक होत्या. सरांनी शोधण्याच्या क्रमात नवी डिस्क पहिली ठेवली. तरी तीच ओळ! मग त्यांनी जुनी डिस्क परत लावली. संगणक मंदपणे का होईना, सुरू झाला. अब्बांनी सुटकेचा श्वास सोडला.

“म्हणजे संगणक चांगला आहे,” सर म्हणाले. “जुन्या डिस्कवर एक लहानसा लपलेला भाग आहे. विंडोज सुरू करणारा प्रोग्राम त्यात असतो. फोल्डर कॉपी करताना तो भाग दिसत नाही, म्हणून तो आलाच नाही. सगळे सामान नव्या घरी नेले आणि किल्ली जुन्या घरी विसरली, तसे झाले.”

आता संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल करायची होती. तिला क्लोन म्हणतात. ज्या डिस्कवर नक्कल उतरते तिच्यावरचे सगळे पुसले जाते. म्हणून सरांनी आधी पत्रिका पेनड्राइव्हवर ठेवायला लावल्या. मग दोन्ही डिस्क जोडल्या. भाईजाननी ‘कोठून’ आणि ‘कोठे’ या जागी डिस्क निवडल्या. ते बटण दाबणार, इतक्यात माझे लक्ष आकड्यांकडे गेले.

“भाईजान, ‘कोठून’च्या जागी तर एक टेराबाइट लिहिले आहे!”

भाईजाननी माउसवरचा हात झटकन काढला. जुनी डिस्क पुसली गेली असती, आणि नवीवर तर किल्ली नव्हतीच! त्यांनी निवड उलटी केली. सरांनी दोनदा वाचून पाहिले.

काम पुरे व्हायला काही तास लागले. नंतर जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली आणि फक्त नवी लावून बटण दाबले. अम्मीने चहा आणून ठेवला होता. तो गरम असतानाच विंडोज सुरू झाले.

अब्बांनी चष्मा पुसला, शुक्रवारची पत्रिका उघडली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “अरे, नवरदेवाच्या नावात एक नुक्ता राहिला आहे.”

स्वाध्याय

१. अब्बांचा चेहरा का उतरला?
२. नव्या डिस्कवर फोल्डर असूनही संगणक सुरू का झाला नाही?
३. जुनी डिस्क परत लावल्यामुळे सरांना काय कळले?
४. वाक्यात उपयोग करा : हुबेहूब, चेहरा उतरणे, सुटकेचा श्वास सोडणे.