आधी साल, मग पगडी

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण सगळे एकाच साच्यातले मावळे मांडतो. यंदा हॉस्टेलवर मी आपल्याच जिल्ह्यातली खर्ड्याची लढाई (११ मार्च १७९५) करायला घेतली आणि पहिलाच प्रश्न पडला : सैनिकांच्या डोक्यावर घालायचं काय?

बाजारातला मावळा शिवकाळाचा. खर्डा त्यानंतर शंभरावर वर्षांनी. म्हणून त्याच काळातली चित्रं शोधली. जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९० च्या दशकात पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस यांची चित्रं काढली. सरदारांच्या पगड्या तिथून घेतल्या. पण त्या दरबारी. साध्या शिपायाला गुंडाळलेलं पागोटंच दिलं.

कृती सोपी. जुनी पगडी पॉलिश पेपरने घासा, एम-सीलची गोळी बसवा, फेविकॉलमध्ये भिजवलेली टिश्यू पेपरची पट्टी पीळ देऊन गुंडाळा. वाळली की रंगवा.

मात्र ‘पागोटं आपलं, टोपी शत्रूची’ अशी वाटणी करू नका. निजामाच्या कवायती पलटणी रेमंडच्या हाताखाली, तर मराठ्यांकडे शिंद्यांच्या पलटणी पेराँच्या. दोघेही फ्रेंचच! नुसतं डोकं बघून माणसाची बाजू ठरत नाही. आधी साल आणि पलटण विचारा, मगच ब्रश उचला.