सुटीचा सोमवार आणि नोकरीचे कपडे
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

सण आणि खरेदी यांचे नाते आपल्याला नवीन नाही. दसऱ्याला सोने, पाडव्याला भांडे आणि दिवाळीला नवे कपडे घ्यावेत, ही आपल्याकडची जुनी रीत. परंतु आपल्याकडे सणाची तिथी पंचांग ठरविते आणि दुकानदार तिच्या मागून चालतो. खरेदी साधावी म्हणून सणच आठवडाभर अलीकडे ओढला, असे कोणी सांगितले तर आपण हसू. अमेरिकेत मात्र हे प्रत्यक्ष घडले आहे. १९३९ साली नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ३० तारखेला येत होता. त्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ आला असता तर नाताळच्या खरेदीला दिवस कमी उरले असते. व्यापाऱ्यांनी गाऱ्हाणे घातले आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण २३ तारखेला आणला. काही राज्यांनी ते मानले नाही, त्यामुळे त्या वर्षी एकाच देशात एकच सण दोन वेगवेगळ्या गुरुवारी झाला! शेवटी १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार कायम करण्यात आला.

याहून मोठा बदल १९६८ च्या कायद्याने केला. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्मदिन २२ फेब्रुवारीला आणि युद्धात मेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन, म्हणजे ‘मेमोरियल डे’, ३० मे रोजी पाळला जात असे. या कायद्याने ते तारखेवरून उचलून सोमवारी ठेवले. १९७१ पासून पहिला फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी आणि दुसरा मेच्या शेवटच्या सोमवारी येतो. कुटुंबाला एकत्र येता येईल, प्रवास करता येईल, कारखान्याचे काम आठवड्याच्या मध्येच तुटणार नाही, अशी कारणे त्या वेळी सांगितली गेली आणि ती खोटी नव्हती. परंतु शनिवार, रविवार, सोमवार अशी सलग तीन दिवसांची सुटी ज्याच्या हाती आली तो व्यापारी ती कशी वाया घालवील? आज ‘मेमोरियल डे’ हा शब्द अमेरिकेतल्या पुष्कळ लोकांना कबरीवरच्या फुलांइतकाच दुकानावरच्या फलकाचीही आठवण करून देतो.

या लेखात मला विशेष विचार करावयाचा आहे तो सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा, म्हणजे ‘लेबर डे’चा, आणि त्या दिवसांत स्त्रियांच्या नोकरीच्या कपड्यांचे जे सेल लागतात त्यांचा.

आपण कामगार दिन १ मे रोजी पाळतो. महाराष्ट्रात तर तोच राज्याचा स्थापनादिनही आहे. या १ मेचे मूळ अमेरिकेतच, शिकागोच्या १८८६ च्या आठ तासांच्या लढ्यात आहे. गंमत अशी, की जगाने शिकागोचा दिवस घेतला आणि अमेरिकेने मात्र तो घेतला नाही. ५ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये कामगारांची पहिली मोठी मिरवणूक निघाली होती. तो मंगळवार होता, सुटी नव्हती. मिरवणुकीत चालणाऱ्यांनी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडले होते. पुढे १८९४ साली, पुलमन कंपनीचा संप पेटलेला असताना, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी सप्टेंबरचा पहिला सोमवार राष्ट्रीय सुटी म्हणून मान्य केला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८९० मध्ये रविवारची सुटी मिळविली, त्यानंतर चारच वर्षांनी. सुटी ही कोणी फुकट दिलेली वस्तू नव्हे, एवढे या दोन्ही इतिहासांतून दिसते.

आता, याच दिवशी कपड्यांचा सेल का? पहिले कारण हवामानाचे. सप्टेंबरच्या आरंभी तेथील उन्हाळा संपत येतो. सुती, बिनबाह्यांचा, फिक्या रंगाचा माल दुकानात पडून राहिला तर पुढे नऊ महिने त्याला गिऱ्हाईक नाही आणि मांडणीवर लोकरीच्या मालाला जागा हवी असते. ‘लेबर डे’नंतर पांढरे कपडे घालू नयेत असा एक जुना संकेतच तेथील प्रतिष्ठित समाजात होता. (तो कोणी केला कोणास ठाऊक, पण कापड दुकानदाराने केला असता तर त्याच्या हुशारीला दाद द्यावी लागली असती.) दुसरे कारण असे, की उन्हाळी सुट्या संपून शाळा आणि कचेऱ्या पुन्हा जोमाने सुरू होण्याचे हे दिवस. म्हणून उन्हाळी माल काढून टाकणे आणि ‘आता कामावर चला, नवा ब्लेझर घ्या’ असे सांगणे, ही दोन्ही कामे एकाच जाहिरातीत होतात.

नोकरी करणाऱ्या स्त्रीचा वेगळा पोशाख ही कल्पनाही तशी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कचेऱ्यांत टंकलेखन करू लागलेल्या आणि दुकानांत उभ्या राहिलेल्या मुलींनी ‘शर्टवेस्ट’ नावाचा पुरुषी शर्टासारखा, पुढे गुंड्यांचा झगा आपलासा केला. तो तयार मिळे, घरी धुता येई आणि एका स्कर्टवर दोन-तीन झगे फिरवून आठवडा निभावता येई. स्वतःच्या पगारातून स्वतःसाठी घेतलेला हा कपडा. म्हणूनच न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याची हकीकत वाचताना अंगावर काटा येतो. २५ मार्च १९११ रोजी, शनिवारी, काम सुटण्याच्या सुमारास त्या इमारतीच्या आठव्या मजल्यावर आग लागली. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. १४६ जण मेले, त्यांत १२३ स्त्रिया आणि मुली होत्या. त्यांतल्या अनेकजणी परदेशातून आलेल्या आणि माझ्याच वयाच्या होत्या. एका कामकरी मुलीचा कपडा शिवताना दुसऱ्या कामकरी मुली जळाल्या. रस्त्यावर उभे राहून ही आग पाहणारी फ्रान्सेस पर्किन्स पुढे १९३३ मध्ये अमेरिकेची कामगारमंत्री, तेथील मंत्रिमंडळातील पहिली स्त्री झाली.

पुढे स्त्रिया वरच्या जागांवर येऊ लागल्या तेव्हा पोशाखाचे नियमही कडक झाले. जॉन मॉलॉय नावाच्या लेखकाने १९७७ साली स्त्रियांसाठी एक पुस्तकच लिहिले. त्यात कोट आणि स्कर्ट हा नोकरीतल्या बाईचा गणवेश असावा असा आग्रह धरला. पुरुषाला दोन सूट आणि चार शर्टांवर वर्ष काढता येते, त्याच्याकडे कोणी बघतही नाही. बाईने तेच केले तर ते सर्वांच्या ध्यानात येते. शिवाय तिच्या कोटाला खिसे बहुधा नसतात किंवा नुसती झडप शिवलेली असते. खिसा नाही म्हणून पिशवी हवी, पिशवी कचेरीला शोभेशी हवी, तिच्या रंगाला जुळणारे बूट हवेत. सेलच्या पानावर ‘पूरक वस्तू’ म्हणून जे काही दिसते त्याचे निम्मे मूळ या खोट्या खिशात आहे, असे माझे मत आहे.

आता किंमतीचे गणित पाहू. फलकावर ‘४० टक्के सूट, शिवाय आणखी २० टक्के’ असे लिहिलेले असते. मन लगेच ६० म्हणते. २०० डॉलरचा ब्लेझर पहिल्या सवलतीने १२० ला येतो. दुसरी सवलत या १२० वर मिळते, २०० वर नाही. म्हणजे ९६ डॉलर, सूट ५२ टक्के. पण खरा प्रश्न हा नव्हे. खरा प्रश्न असा, की तो ब्लेझर २०० ला कधी विकला गेला होता काय? ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले, की प्रथम कानावर पडलेला आकडा मनात नांगरासारखा रुततो आणि पुढचा सगळा अंदाज त्याच्याभोवती फिरतो. खोडलेली किंमत हा असा नांगर आहे. तेथील व्यापार आयोगाचे १९६४ पासूनचे मार्गदर्शक नियम सांगतात, की ‘पूर्वीची किंमत’ म्हणून दाखविलेली किंमत खरोखर पुरेसा काळ लावलेली असली पाहिजे. तरीही आउटलेट नावाच्या दुकानांत केवळ आउटलेटसाठीच शिवलेला हलका माल मूळ दुकानातला उरलेला माल म्हणून खपतो, अशी तक्रार २०१४ मध्ये अमेरिकन संसदेच्या चार सदस्यांनी या आयोगाकडे केली होती. युरोपातील नियम अधिक स्पष्ट आहे. तेथे मे २०२२ पासून, सूट जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते.

मग दुकानदाराने प्रामाणिकपणे एकच रास्त किंमत का लावू नये? हा प्रयोग झालेला आहे. जे. सी. पेनी या जुन्या मोठ्या दुकानसाखळीने २०१२ मध्ये कूपन आणि सततचे सेल बंद करून किंमती मुळातच खाली आणल्या. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे गिऱ्हाइकाने आनंदित व्हायला हवे होते. घडले उलटे. त्या एका वर्षात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये त्या मुख्याधिकाऱ्यास जावे लागले. लोकांना स्वस्त वस्तू नको होती असे नव्हे. स्वस्त मिळाली हे कळण्याचे साधनच त्यांच्या हातून गेले. वर्गात हे उदाहरण निघाले तेव्हा आमच्यापैकी पुष्कळजण ‘बायका अशाच’ म्हणून हसले. मला ते पटले नाही. मोटार घेणारा पुरुष घासाघीस करतो तेव्हा त्याला व्यवहारी म्हणतात.

या विषयाकडे मी वळले त्याला एक घरगुती कारण आहे. माझी ताई पुण्यात एका कचेरीत काम करते. ती कचेरी अमेरिकेतल्या कपड्यांच्या एका विक्रेत्यासाठी रात्रपाळीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते. ताईकडून कळले, की सेलनंतर येणाऱ्या बहुसंख्य तक्रारी मापाच्या असतात. एकच पँट तीन मापांत मागवायची, एक ठेवायची, दोन परत करायच्या. याचेही कारण आहे. १९३९-४० मध्ये अमेरिकन सरकारने सुमारे १५ हजार स्त्रियांची मापे घेतली होती. त्यांवरून १९५८ साली प्रमाणित मापे ठरली. पण १९८३ मध्ये ते प्रमाण मागे घेण्यात आले. तेव्हापासून प्रत्येक कंपनीचे ‘८’ निराळे. गिऱ्हाइकाला बारीक असल्याचे समाधान मिळावे म्हणून आकडा तोच ठेवून कपडा सैल करीत जाण्याची युक्तीही सर्रास चालते. त्यातून सेलमध्ये मधली मापे आधी संपतात. जे उरते ते ‘परत घेतले जाणार नाही’ या अटीवर विकले जाते आणि मग ताईला इंग्रजीत शिव्या खाव्या लागतात.

२०२५ साली ‘लेबर डे’ १ सप्टेंबरला आला. त्याच दिवशी आपल्याकडे ज्येष्ठा गौरींचे पूजन होते. सेलचे दिवस म्हणून ताईच्या कचेरीत कोणाच्याच रजा मंजूर झाल्या नाहीत. आमच्या घरी गौरी बसतात. आईने दोन वेळा विचारले, “अगं, सुटी तिकडं कामगारांची आहे ना? मग तुला का नाही?” ताईने काय सांगावे? खुद्द अमेरिकेतही दुकानात उभ्या असलेल्या मुलीला तो दिवस कामाचाच असतो. तेथील १९३८ च्या कायद्यात आठवड्याला ४० तासांपुढील कामाला दीडपट मजुरी आहे. परंतु सुटीच्या दिवशी काम केले म्हणून खाजगी मालकाने जादा द्यावे असे बंधन नाही. कामगारांच्या नावाने असलेल्या सुटीच्या दिवशी, नोकरी करणाऱ्या बाईला नोकरीचे कपडे विकण्यासाठी, दुसरी नोकरी करणारी बाई कामावर येते. आणि ते कपडे ढाक्यात किंवा तिरुपूरला तिसरीनेच शिवलेले असण्याचा संभव असतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळली तेव्हा १,१३४ जण मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले होते.

आपल्याकडेही राष्ट्रीय सुटीचा सेल आता रुळला आहे. २६ जानेवारी २००६ रोजी बिग बाजारने ‘सबसे सस्ता दिन’ काढला तेव्हा दुकानांपुढे झुंबड उडाली. ती दुकाने २०२२ नंतर त्या नावाने राहिली नाहीत, पण प्रजासत्ताकदिनाचा आणि स्वातंत्र्यदिनाचा सेल मात्र राहिला. आमच्या ताईने नोकरीचा पहिला ब्लेझर अशाच सेलमध्ये घेतला. छापील किंमत ३,९९९, घेतला १,५९९ ला. आई घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. तिने किंमतीची चिठ्ठी पाहिलीच नाही. कोट उलटा केला, काखेतली शिवण दोन बोटांत धरली आणि म्हणाली, “माया नाही गं हिला.” शिंप्यांच्या भाषेत माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेले जादा कापड. अंग भरले तर उसवून सैल करता यावे, म्हणून ते ठेवायचे. कारखान्यात लाखांनी नग कापताना प्रत्येक शिवणीतली बोटभर माया वाचविली तर किती कापड वाचत असेल, याचा हिशेब कोणाही वाणिज्य शाखेच्या मित्राने करून पाहावा. अशा कोटाला अस्तर असते ते पाठीपुरते, गुंड्या एकेरी दोऱ्याने लावलेल्या.

आईने गुंड्या पक्क्या केल्या, बाहीच्या टोकाला आतून पट्टी दिली आणि झडपेखाली खराखुरा खिसा लावला. खिशासाठी कापड तिच्या पेटीतल्या चिंध्यांतले, निळे फुलाफुलांचे. ताई तो कोट आजही घालते. रात्रपाळीला निघताना त्या खिशात ती बसचा पास ठेवते.