स्टेम सेलच्या भरवशावर गोळ्या सोडू नका

इकोचा रिपोर्ट टेबलावर ठेवत नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, हार्ट तीसच टक्के चालतंय. स्टेम सेलचं इंजेक्शन दिलं तर नवीन स्नायू येतो ना?"

नाही येत. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला स्नायू अशा विकतच्या इंजेक्शनने पुन्हा उगवतो, हे कुठेही सिद्ध झालेलं नाही. आणि तीस हा आकडा शंभरातला समजून हातपाय गाळू नका. निरोगी हृदयाचं पंपिंगही साधारण ५५ ते ७० टक्केच असतं.

पन्नाशीतले एक शिक्षक माझ्याकडे आले होते. झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, पंपिंग तीसवर. मुलाने अशा उपचाराचे व्हिडिओ पाहून कर्ज काढलं आणि एका सेंटरमध्ये वडिलांच्या कमरेच्या हाडातल्या मगजातून स्टेम सेल (नवीन पेशी बनवणाऱ्या मूळपेशी) काढून त्या त्यांना टोचल्या गेल्या. वर सल्ला मिळाला, आता गोळ्या नकोत. पुढच्या काही आठवड्यांत पाय सुजले, आडवं झालं की दम लागायचा, रात्री बसून काढायच्या. त्याच जुन्या गोळ्या पुन्हा सुरू केल्यावर त्यांना उतार पडला. कर्ज मात्र अजून फिटतंय. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याचा मला आजही संताप येतो.

मग व्हिडिओतले पेशंट बरे कसे झालेले दिसतात? झटक्यानंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. रक्तपुरवठा सुरू झाला, औषधं नीट घेतली, की तो काही आठवड्यांत कामाला लागतो आणि पंपिंग वाढतं. त्याच काळात कोणी इंजेक्शन दिलं असेल तर श्रेय तेच घेऊन जातं.

या आशेची सुरुवात २००१ साली उंदरांवरच्या एका प्रयोगाने झाली. मगजातल्या पेशी हृदयाचा स्नायू बनवतात, असा दावा पिएरो अँव्हर्सा यांच्या गटाने केला. २००४ मध्ये इतर प्रयोगशाळांना तसं काही आढळलं नाही. २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम रुग्णालयाने अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं कळवलं, कारण त्यांतली माहिती बनावट किंवा फेरफार केलेली होती. त्या दाव्याच्या भरवशावर किती पेशंटांनी मगज काढून घेतला असेल!

खरं संशोधन थांबलेलं नाही. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात २०२० मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या हृदयपेशींचा पातळ थर पेशंटच्या हृदयावर बसवला गेला. जर्मनीत ग्यॉटिंगेनमध्येही अशा ठिगळांच्या चाचण्या चालू आहेत. मला त्यांच्याकडून आशा आहे. पण आपल्याकडे विकलं जाणारं इंजेक्शन म्हणजे ते संशोधन नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडून स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात, आणि चाचणीसाठी पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी लाखांचं पॅकेज सांगितलं तर सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. मिळाला नाही तर तिथून उठा.

हृदय कमजोर असेल तर रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायांवर सूज आली, रात्री धाप लागून जाग आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. छातीत दाब, दरदरून घाम किंवा भोवळ आली तर १०८ला फोन करा. "गॅस असेल" म्हणून सकाळची वाट पाहू नका. आणि पंपिंग सुधारल्याचा रिपोर्ट हाती आला, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.